अहो, अगं आणि आठ रंगांची वायर

आमच्या शेजारच्या भाऊंच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या वस्तू होत्या: जोडलेल्या आणि जोडायच्या राहून गेलेल्या. तिसरा प्रकार त्यांना मान्य नव्हता. जव्हारला आमच्या आळीत राहायला आले त्या दिवशी, स्वतःच्या ट्रंका उघडायच्याही आधी, त्यांनी आमच्या परसातल्या नळापासून त्यांच्या परसातल्या पिंपापर्यंत रबरी नळी टाकली आणि मला म्हणाले, "गुरुजी, नळ तुमचा, पिंप माझं. उद्या भांडायचं झालं तरी आधी नळी सोडवायला दोघांना एकत्र यावं लागेल." मी जामसरच्या शाळेत शिक्षक आणि मुळातच अपराधी स्वभावाचा माणूस. शाळेला नेणारी जीप उशिरा आली तरी मला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं असणार. त्यामुळे त्या नळीला पाण्याचा जोर कमी पडतो याबद्दल मीच जाऊन भाऊंची माफी मागितली. भाऊंनी ती शांतपणे ऐकून घेतली, एका बाटलीच्या बुचाला भोक पाडून ते नळीच्या तोंडाला बसवलं आणि जोर वाढवून दिला. कुणाच्या मनातला सल काढायची त्यांची हीच रीत होती. समजूत घालत बसण्यापेक्षा ते काहीतरी बसवून देत.

भाऊ मोजणी खात्यातून निवृत्त झाले होते. उमेदीची सगळी वर्षं जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत साखळी ओढण्यात, बांध मोजण्यात आणि दोन भावांच्या मधोमध उभं राहून शिव्या खाण्यात गेली होती. त्यामुळे नजरच मोजपट्टी झालेली. लग्नाच्या पंगतीत बसले की पहिला घास घ्यायच्या आधी म्हणत, "ही रांग पूर्वेकडे सरकत चाललीय, शेवटचा माणूस मांडवाबाहेर जेवणार," आणि शेवटचा माणूस खरोखरच उन्हात बसलेला असे. दुसरी खोड म्हणजे घरातल्या प्रत्येक वस्तूला नाव ठेवायचं. सायकलचं नाव जावईबापू, कारण ती ढकलल्याशिवाय हलत नसे. विहिरीवरचा पंप म्हणजे साहेब, आवाज भरपूर आणि पाणी थेंबभर. छत्रीचं नाव तलाठी, कारण गरजेच्या वेळी ती कधीच जागेवर सापडत नसे. एकदा खरेखुरे तलाठी भाऊंच्या ओटीवर चहाची वाट पाहत बसले होते. तेवढ्यात भाऊ बाहेरून भिजून मागच्या दाराने आले आणि आतून त्यांचा आवाज आला, "अगं, या तलाठ्याला उलटा टांगून ठेव जरा, सगळं पाणी निथळू दे." तलाठी चहा न घेताच गेले. ही हकीकत सांगताना भाऊ स्वतः हसत नसत. "त्यांनी विचारायला हवं होतं," एवढंच म्हणत.

पण त्या घरातली सर्वांत पक्की जोडणी म्हणजे वहिनींचा आवाज. वहिनी कचेरीत टंकलेखिका होत्या. निवृत्त झाल्यावर हाताला चैन पडेना म्हणून त्यांनी स्वतःसाठी एक कॉम्प्युटर घेतला होता आणि मागच्या खोलीत बसून त्या भजनं, लोणच्यांची प्रमाणं, जे सुचेल ते टाइप करीत. त्यांच्या बोटांना वेग होता, पण खरी ताकद गळ्यात. स्वयंपाकघरातून त्यांनी 'अहोऽऽ' अशी हाक मारली की ती ओटी ओलांडून, आळी ओलांडून थेट बाजारपेठेपर्यंत जाई. मधल्या वाटेवर चार-पाच घरांतले नवरे सवयीने उठून उभे राहत, कारण अहो तर सगळेच होते. मीही उठत असे. भाऊंचं नाव मात्र वहिनींनी कधी घेतलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. रेशनच्या दुकानात यजमानांचं नाव विचारलं तर त्या माझ्या बायकोला कोपर मारीत, "तू सांग गं," आणि आपण डाळीच्या पोत्याकडे पाहत उभ्या राहत.

दोन हजार सालानंतरची चार-पाच वर्षं उलटली असतील. वहिनींचा आवाज आधी बसला, मग फाटला, मग गळ्यात गाठ निघाली. नाशिकच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: ऑपरेशन करावं लागेल, नंतर तीन महिने एक शब्द नाही, कुजबुजसुद्धा नाही, पुढे आवाज येईल, पण किती आणि कसा ते आज सांगता येणार नाही. ऑपरेशन होईपर्यंतही गळ्याला विश्रांती द्या. झालं, घर मुकं झालं. कुणा नातेवाइकाने पाटी आणून दिली. वहिनींनी तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'ज्याने आणली त्याने घरी न्यावी,' आणि पाटी ओटीवर ठेवून दिली. मी घंटा सुचवली. तेव्हा त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते आठवलं की मला अजून कानकोंडं होतं. दुसऱ्या दिवशी भाऊ आमच्याकडे आले. दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं खालीवर.

"गुरुजी, पाटी कुणासमोर धरायची? माणूस आधी समोर तर हवा ना. ती चुलीपाशी, मी ओटीवर. आमचा संसार समोरासमोर कधी झालाच नाही, सगळा हाकेवर झाला. अहो, आंघोळीचं पाणी काढलंय. अहो, दूध उतू चाललंय. अहो, तुमचा चष्मा तुमच्याच कपाळावर आहे. इतक्या वर्षांत मी स्वतःच्या आठवणीने एकसुद्धा काम केलेलं नाही." मग एकदम आवाज खाली आणून म्हणाले, "आणि परवा ती सवयीने तोंड उघडून थांबली. तिथेच. मी ओटीवरून पाहिलं. तिला हाक मारायला जागा हवी, गुरुजी. ती मी बांधणार. तुमचा कॉम्प्युटर कधी रिकामा असतो?"

माझा कॉम्प्युटर मुलीसाठी घेतलेला होता आणि बहुतेक वेळ त्याच्यावर विणलेला रुमाल असे. भाऊंकडेही पुढच्या खोलीत एक होता, नकाशे काढायच्या हौसेपायी घेतलेला. भाऊंचा बेत असा की त्यांचा, वहिनींचा आणि माझा अशा तिन्ही कॉम्प्युटरांना एकमेकांत गुंफायचं. मग एकाने टाइप केलेली चिठ्ठी दुसऱ्याच्या पडद्यावर टुणकन उगवते, अशी सोय त्यांना सापडली होती. कॉम्प्युटरात एक खिडकी उघडते, तिच्यात जोडलेल्या सगळ्यांची नावं दिसतात. तिचं इंग्रजी नाव भाऊंनी पहिल्याच दिवशी रद्द करून 'शेजार' असं ठेवलं. मी भीत भीत विचारलं, "पण भाऊ, हाक तुम्हा दोघांतली. माझा कशाला मध्ये?" ते म्हणाले, "दोन घरांची नुसती भिंत होते. शेजार व्हायला तिसरं घर लागतं."

मला त्या सगळ्या प्रकरणातल्या आकड्यांची धास्ती होती. प्रत्येक कॉम्प्युटरला एक पत्ता द्यायचा असतो, टिंबं टिंबं घालून चार आकडे. भाऊंनी ते पाहिले आणि आनंदाने टेबलावर थाप मारली. "हा तर सातबारा! पहिले तीन आकडे म्हणजे गट नंबर. तो सगळ्यांचा एकच. शेवटचा आकडा हिस्सा नंबर, तो ज्याचा त्याचा. दोघांना एकच हिस्सा दिला की तंटा उभा राहिलाच म्हणून समजा. मी हिस्सा एक, ती दोन, तुम्ही तीन. हरकत असेल तर आत्ता सांगा, मागाहून अपील नाही." माझी हरकत नव्हती. उलट इतक्या सहजपणे मला कुणी कुठल्याच गटात घेतलं नव्हतं.

ऑपरेशन झालं. भाऊ चार दिवस नाशिकला होते. पाचव्या दिवशी त्यांच्या मुलीनेच त्यांना परत पाठवलं. तिचा फोन आमच्याकडे आला, "काका, बाबांना तिकडे सांभाळा. इथे त्यांनी वॉर्डातल्या खाटांमधलं अंतर मोजून नर्सबाईंना सांगितलंय की तिसरी खाट अतिक्रमणात आहे. आईला मी पुढच्या बाजाराच्या दिवशी घेऊन येते, तोवर त्यांना काहीतरी काम द्या." काम भाऊ स्वतःच मांडीवर घेऊन आले होते. मोखाड्यावरून येणाऱ्या एस्टीतून ते उतरले तेव्हा त्यांच्या कुशीत एक खोकं होतं आणि खोक्यातून दोन काळ्या शेंड्या बाहेर. बिनतारी जोडणीचं यंत्र! मागच्या खोलीत भाऊंनी आधी दोनदा टेलिफोनची तार नेली होती आणि दोन्ही वेळा ती घुशींनी खाल्ली होती, म्हणून वहिनींचा कॉम्प्युटर हवेतून जोडायचा आणि माझा वायरीने, असं ठरलं. यंत्राचं नाव त्यांनी वाटेतच ठेवलं होतं. "भटजी. दोघांची गाठ बांधून देतो, पण स्वतः मध्ये येत नाही."

मग आमच्या आळीत जो आठवडा सुरू झाला तसा पुन्हा झाला नाही. माझ्याकडची वायर गल्लीवरून, फणसाच्या झाडावरून यायची होती. त्या वायरीच्या पोटात आठ रंगांच्या आठ तारा असतात आणि त्या टोकाच्या प्लगात ठरलेल्या क्रमानेच बसवाव्या लागतात. एक चुकली की सगळं मुसळ केरात. भाऊंनी तो क्रम पाठ केला. पांढरानारिंगी, नारिंगी, पांढराहिरवा, निळा, पांढरानिळा, हिरवा, पांढरातपकिरी, तपकिरी. सकाळी न्हाणीघरातून तांब्याच्या आवाजाबरोबर हा क्रम स्तोत्रासारखा ऐकू येई. माझ्या मुलीला तो पाठ झाला, बायकोला झाला, आणि एका सकाळी मीही वर्गात हजेरी घेताना 'पांढराहिरवा' म्हणालो तेव्हा एक मुलगा 'हजर' म्हणाला. दाभोशाहून भाजी घेऊन येणारी म्हातारी झाडाखाली पाटी टेकवून वर पाहत राहिली. तिच्या बोलीत मामलेदारालाही 'तू'च.

"भाऊ, झाडाला काय बांधतोस? माकडाला झोका?"

"हाक बांधतोय, मावशी."

"हाक? हाक काय बांधून राहते?"

"आमच्या घरची सुटलीय ना, म्हणून बांधतोय."

म्हातारी पाटीपाशी वाकली. मग पाटीतली अळूची एक जुडी उचलून ओटीवर ठेवली आणि म्हणाली, "बाय आली की दे तिला. गळ्याला आंबट नको घालू हां." माकडांचं तिचं भाकीत मात्र खरं ठरलं. दुसऱ्याच दिवशी एका वानराने वायरीला लोंबकळून पाहिलं. आमच्या टेबलावरचा कॉम्प्युटर आपोआप वीतभर खिडकीकडे सरकला आणि आमची बायको देवघरात जाऊन बसली. भाऊंनी वायर झाडाच्या बुंध्याला फेरा देऊन घट्ट बांधली आणि त्यावर आपला जुना खाकी सदरा टांगला. वानरं त्या सदऱ्याला भ्याली. मोजणीचा माणूस म्हटल्यावर कोण भीत नाही?

माझा आणि त्यांचा कॉम्प्युटर जोडला गेला तो क्षण मी पाहिला. त्यांच्या शेजारात माझं नाव उमटलं, GURUJI. भाऊंनी मला उचललंच. मी घरी जाऊन आनंदाच्या भरात माझा कॉम्प्युटर बंद केला आणि परत येऊन पाहतो तर नाव तिथेच. मी हात जोडले. "भाऊ, मी नीट बंद केलाय, देवाशपथ." भाऊ हसले. "घाबरू नका, हे असंच असतं. बंद केला तरी शेजारात काही वेळ नाव दिसत राहतं. फेरफाराची नोंद लागायला वेळ जातो ना, तसंच. माणूस गाव सोडून गेला तरी सातबाऱ्यावर असतोच की. शेजाऱ्याचं नाव कुणी लगेच खोडत नाही."

राहिली वहिनींची खोली. भाऊंच्या घराचा पुढचा भाग नवा, सिमेंट आणि सळयांचा; मागचं स्वयंपाकघर आणि वहिनींची खोली जुनी, कारवीच्या कुडाची, शेणमातीने लिंपलेली. भटजीला पुढच्या खोलीत बसवलं तर मागे काही पोचेना. भाऊंनी माळ्यावरून मोजणीची साखळी काढली, घराचा नकाशा काढला आणि वहिनींचा कॉम्प्युटर टेबलासकट इकडून तिकडे हलवत कुठे किती सिग्नल मिळतो ते नकाशावर भरत गेले. टेबलाची पुढची बाजू अर्थातच माझ्याकडे. जिथे काहीच मिळत नव्हतं त्या जागेवर त्यांनी लिहिलं 'पोटखराबा'. लागवडीला नालायक जमिनीला सातबाऱ्यावर असं म्हणतात. भाऊंच्या नकाशाप्रमाणे त्यांचं देवघर, न्हाणीघर आणि स्वतःची झोपायची जागा पोटखराब्यात निघाली. "कुडातून जातंय बघा सरळ," ते नाचायचेच बाकी होते, "कुड श्वास घेतो, गुरुजी! सळई गिळते!" मग भटजीला उचलून जुन्या-नव्याच्या सांध्यावर, फडताळात बसवलं. मध्ये वहिनींचा तांब्याचा हंडा आडवा येत होता, तो अंगणात गेला. वहिनींच्या कॉम्प्युटरवर सिग्नलचे सगळे पट्टे हिरवे झाले. आम्ही शेजार उघडला.

शेजारात वहिनींचा कॉम्प्युटर नव्हता. वहिनींच्या शेजारात आम्ही नव्हतो. तिथे त्यांचा एकटा कॉम्प्युटर, माळावरच्या घरासारखा.

इथून पुढे भाऊंनी घराशी जे केलं ते मी थांबवायला हवं होतं, पण त्यांच्या उत्साहापुढे माझी जीभ उचलेना. भिंतीला टेकलेली भाताची कणगी संशयित ठरली. भात ओलावा धरतो, ओलावा लहर खातो, हा भाऊंचा शोध. आम्ही दोघांनी अख्खी कणगी उपसली, भात पोत्यांत भरून आमच्या ओटीवर आणला. काही फरक नाही. मग लोखंडी कपाट बाहेर. फरक नाही. मग पाट्याचा दगड. "दगडाने काय होणार, भाऊ?" "तुम्ही डोंगर मोजलेत का कधी? मग बोलू नका." मध्येच लाइट जाई, भटजीचे दिवे मालवत, आणि आम्ही अंगणात हंड्यावर बसून लाइटची वाट पाहत असू. वहिनी यायच्या आदल्या संध्याकाळी भाऊ ओटीच्या पायरीवर बसले. हातात पांढरानारिंगी तारेचा एक तुकडा, तो बोटाला गुंडाळत, सोडत. म्हणाले, "उद्या ती येईल. घर उपसून ठेवलंय आणि हाकेला जागा नाही ती नाहीच." मला काही बसवून देता येत नव्हतं. मी नुसता शेजारी बसलो.

दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या. मुलीने त्यांना जीपमधून हाताला धरून उतरवलं. गळ्याला पांढरी पट्टी, चेहरा उतरलेला, डोळे मात्र तेच. त्यांनी अंगणातला हंडा पाहिला. बाहेर उभं असलेलं कपाट पाहिलं. आमच्या ओटीवरची भाताची पोती पाहिली. मग भाऊंकडे पाहिलं. आवाज नसतानाही आळीतले दोन नवरे आपापल्या दारात मागे सरकले. भाऊ एका दमात सगळं सांगत सुटले, हिस्सा, पोटखराबा, वानर, भटजी, आणि वहिनींना हाताला धरून पुढच्या खोलीत आपल्या पडद्यासमोर घेऊन गेले. "हे बघ, सगळं बरोबर आहे. पत्ता बरोबर, गट बरोबर. पट्टे हिरवे. तरी तू दिसत नाहीस."

वहिनी खाली वाकल्या. पडद्यावर त्या गटाला दिलेलं नाव होतं. हे नाव सगळ्यांकडे एकच असावं लागतं आणि भाऊंनी मोठ्या अभिमानाने गावाचंच नाव दिलं होतं, इंग्रजीत: JAVHAR. वहिनींनी पडद्यावरच्या व्हीवर बोट ठेवलं. कचेरीतल्या कारकुनांनी जो बोटाचा ठोका वर्षानुवर्षं पाहिला असेल, तोच ठोका. एकदा, दोनदा. मग त्यांनी हवेत डब्ल्यू काढला.

"अगं, माझ्या शाळेच्या दाखल्यावर व्हीच आहे!"

हवेत पुन्हा डब्ल्यू.

"पण म्हणताना आपण..."

तिसरा डब्ल्यू इतका मोठा होता की मुलगी बाजूला झाली. वहिनींनी आपल्या कॉम्प्युटरवर गावाचं नाव कधीचंच टाकून ठेवलं होतं, कचेरीच्या शिक्क्यावर होतं तसं, डब्ल्यूने. म्हणजे आठवडाभर दोन जव्हार एकाच घरात पाठीला पाठ लावून बसले होते, आणि आम्ही उपसत होतो भात. उपसायचं होतं एक अक्षर. रोज फळ्यावर शाळेचा तालुका इंग्रजीतही लिहिणाऱ्या मला ते दिसलं नाही, याचं काय वाटलं ते सांगत नाही. भाऊंनी आपल्याकडे अक्षर बदललं, मी धावत जाऊन माझ्याकडे बदललं, दोन्ही कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाले आणि तिन्ही घरं एका खिडकीत आली. भाऊंची आरोळी बाजारपेठेपर्यंत गेली असेल. "आता जा, आत जा, तुझ्या खुर्चीवर बस आणि मला हाक मार!" असं म्हणून त्यांनी वहिनींना पिटाळलं आणि स्वतः हात मांडीवर ठेवून पडद्यासमोर बसले. फोटो काढून घ्यायला बसतात तसे.

मी आणि माझी बायको वहिनींबरोबर मागे गेलो. चिठ्ठीची खिडकी उघडली. वर एक रिकामी चौकट होती: कोणाला? तिथे त्या कॉम्प्युटरचं नाव टाइप करावं लागतं. आणि भाऊंनी, प्रत्येक वस्तूला नाव ठेवणाऱ्या भाऊंनी, आपल्या कॉम्प्युटरला सगळ्यांत थोर नाव दिलं होतं: स्वतःचं. वहिनींची बोटं कळफलकावर गेली आणि थांबली. उचलली, पुन्हा ठेवली, पुन्हा उचलली. त्यांनी माझ्या बायकोला कोपर मारलं. बायको म्हणाली, "मी नाही हं वहिनी, हाक तुमची." वहिनी लाजून चक्क कणगीकडे पाहू लागल्या. पुढून भाऊंचा आवाज येत होता, "आलं का? गुरुजी! का येत नाहीये? आता कुठलं अक्षर चुकलं?"

मी पुढे गेलो. "भाऊ, अक्षर नाही. तुमचं नाव."

"त्याला काय झालं? बरोबर लिहिलंय."

"बरोबर लिहिलंय. पण वहिनींना ते घ्यावं लागतंय."

 भाऊंना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी कपाळावर हात मारला आणि तिथला चष्मा डोळ्यांवर आला. लगेच त्यांनी आपल्या कॉम्प्युटरचं नाव खोडलं, बापाच्या नावासकट, आणि त्या जागी तीन अक्षरं लिहिली. AHO. कॉम्प्युटर पुन्हा सुरू व्हायला लागला तेवढा वेळ आम्ही दोघंही पडद्याकडे डोळे लावून होतो. मी आत जाऊन सांगून आलो. वहिनी हसल्या, आणि आतून टकटक ऐकू आली. कचेरीतला वेग. पडद्यावर चिठ्ठी उगवली.

AHOOOOOOOOOO

त्यात काही काम नव्हतं, निरोप नव्हता. नुसती हाक होती, पूर्ण लांबीची. "आलो गं!" असं ओरडून भाऊ उठले ते एक चप्पल तिथेच सोडून, खुर्ची पाडून, दोन खोल्या ओलांडून आत धावले. चिठ्ठीला चिठ्ठीने उत्तर देता येतं हे मी त्यांना पुढे किती वेळा सांगितलं. त्यांनी एकदाही दिलं नाही. म्हणत, "हाकेला उत्तर पायांनी द्यायचं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ दात घासता घासताच आमच्याकडे आले आणि मला ओढून माझ्या कॉम्प्युटरपुढे घेऊन गेले. शेजारात तीन नावं होती: AHO, GURUJI आणि तिसरं AGA. रात्रीतून वहिनींनी आपल्या कॉम्प्युटरचं नाव स्वतःच बदललं होतं. भाऊंच्या तोंडात मशेरी होती त्यामुळे ते नुसतेच बोट दाखवत राहिले. लवकरच वहिनींना असाही शोध लागला की चिठ्ठी एकट्याला न पाठवता अख्ख्या गटाला पाठवता येते. त्या दिवसापासून भाऊंना मारलेली प्रत्येक हाक आमच्याही पडद्यावर उमटू लागली, आणि पूर्वीसारखाच मी उठून उभा राहू लागलो. "बसा," बायको म्हणे, "तुम्हाला नाही बोलावलं." लाइट गेली की वहिनी पळीने हंड्यावर ठोके देत, लाइट आली की पुन्हा टकटक. आळीचं बिघडलेलं घड्याळ परत सुरू झालं.

तीन महिन्यांनी वहिनींचा आवाज आला. पण अर्धाच. घोगरा, खालचा, चुलीपासून माजघरापर्यंत पोचेल एवढा. हाकेतला लांबचा ओ गेला तो गेलाच. तो फक्त पडद्यावर राहिला. भाऊंना त्याची खंत नव्हती. "जवळचं ती तोंडाने बोलते, लांबचं वायरीने," ते सांगत, "दोन्ही जोडलंय."

मग काही वर्षांनी तपासण्या वाढल्या, नाशिकच्या फेऱ्या वाढल्या आणि मुलीने हट्टाने दोघांना तिकडेच नेलं. टेम्पो भरला. हंडा गेला, जावईबापू गेला, साखळी गेली. तलाठी शेवटपर्यंत सापडला नाही. भाऊंनी आपला कॉम्प्युटर सर्वांत शेवटी बंद केला, वायर काढून माझ्या हातात दिली. "झाडावरचं टोक राहू दे, गुरुजी. कुणीतरी येईल राहायला." वहिनी त्यांच्या नव्या आवाजात काहीतरी म्हणाल्या, टेम्पोच्या घरघरीत मला ते ऐकू आलं नाही. मी मान हलवली.

घरी आलो. जामसरची जीप निघायला थोडाच वेळ होता. सहज म्हणून मी कॉम्प्युटर पाहिला. शेजार उघडा होता आणि तिन्ही नावं जागेवर होती. AHO, AGA, GURUJI. टेम्पो एव्हाना मोखाड्याच्या रस्त्याला लागला असेल. एक बटण दाबलं की यादी ताजी होते, खरी होते, हे भाऊंनीच मला शिकवलं होतं. मी माउसवरून हात काढून घेतला आणि खुर्चीत बसून राहिलो. बाहेर जीपचा हॉर्न वाजला, पुन्हा वाजला, मग जीप गेली. माझ्यामुळे जीप थांबली, माझ्यामुळे शाळेला उशीर होणार, आणि मला त्याचं जराही अपराधी वाटलं नाही.